मदत हवी आहे: बालसंरक्षणाच्या मोहिमेत मुलांची गोष्ट सांगायची कशी?
नमस्कार मंडळी. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या जनजागृती मोहिमा मी सांभाळते. २० नोव्हेंबरच्या जागतिक बालदिनाची तयारी सुरू आहे आणि गाडी एकाच जागी अडली आहे. देणग्या बघणाऱ्यांना खऱ्या मुलाचा फोटो हवाय. चेहरा दिसला की लोक थांबतात, असं त्यांचं म्हणणं. समुपदेशक ठाम नाही म्हणतात. माझा कल त्यांच्याकडेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं कलम १६ मुलांना खासगीपणाचा हक्क देतं. शिवाय नाव बदलून, चेहरा धूसर करूनही गणवेश, मागची भिंत, आवाज यांवरून ओळखीच्यांना मूल कळतंच. पालकांची सही घेतली की झालं, हे तर मला अजिबात पटत नाही. आपल्याकडूनच मदत घेणारं कुटुंब नाही म्हणणार तरी कसं?

रेखाचित्रं, किंवा आता मोठ्या झालेल्यांनी स्वतःहून सांगितलेले अनुभव, असं कुणी वापरलंय का? देणग्या घटल्या का?

आणखी एक, आणि हे जास्त तातडीचं: पोस्टखाली एखाद्या मुलाने स्वतःवरच्या अत्याचाराबद्दल लिहिलं, तर ती कमेंट लपवून पुढे कुणाकडे सोपवता? रात्री कोण बघतं? लेखी कार्यपद्धती असेल तर तिचा नुसता साचाही चालेल.