प्राचीन इजिप्त जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी तगवला की फोडला?

नदीकाठ:
इजिप्त म्हटलं की आपण फॅरो आणि पिरॅमिडपाशीच थांबतो. पण शेतकऱ्याचं पोट होतं ते ‘सेपात’च्या, म्हणजे जिल्ह्याच्या हातात. ग्रीकांनी त्यालाच ‘नोम’ म्हटलं. परंपरेने दक्षिणेला २२, उत्तरेला २०. चित्रलिपीतलं त्याचं चिन्ह बघा, पाटांनी चौकोन पाडलेली जमीन! इ.स.पू. २१००च्या सुमारास राजसत्ता खिळखिळी झाली, तेव्हा देश सावरला तो याच जिल्ह्यांच्या प्रमुखांनी, असं माझं ठाम मत आहे. दक्षिण इजिप्तमधल्या मोअल्ला गावच्या थडग्यात अंखतिफी हा तिथला जिल्हाप्रमुख सांगतो की दक्षिण इजिप्त उपासमारीने मरत होता, पण माझ्या जिल्ह्यात मी कुणाला भुकेने मरू दिलं नाही. त्याचं धान्य पार दक्षिणेच्या नुबिया देशापर्यंत गेलं.

जुनीपाटी:
अहो, स्वतःच्या थडग्यावर स्वतःची निंदा कोण कोरून घेईल? त्याच लेखात तो ‘माझ्यासारखा वीर झाला नाही’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो. शेजारच्या एदफूची घडी बसवायला गेलो म्हणतो, म्हणजे तो जिल्हा सरळ ताब्यात घेतला. पुढे थीब्ज या शेजारच्या शहराशी लढाई. दुष्काळात ज्याचं कोठार भरलेलं, तोच शेजाऱ्यावर चालून जाणार. यात देश कुठे सावरला?

कणगी:
तुम्ही दोघंही पडत्या काळाबद्दलच बोलताय. बेनी हसनच्या कड्यातल्या थडग्याचा आमेनी घ्या, दक्षिणेकडच्या १६व्या जिल्ह्याचा प्रमुख. गादीवर सेनुस्रेत पहिला, म्हणजे राजा चांगला भक्कम. आमेनी लिहितो, दुष्काळात जिल्ह्यातलं सगळं रान नांगरून घेतलं, विधवेला सधवेइतकंच दिलं, आणि पुढे मोठे पूर येऊन पिकं आली तेव्हा मागची थकबाकी मागितली नाही. ही थकबाकीची ओळ मला फार मोलाची वाटते. नुसती फुशारकीच मारायची तर इतका बारीक तपशील कशाला सुचेल?

जुनीपाटी:
तपशील सुंदर आहे, मान्य. पण राजवाड्याचा सारा दरवर्षी पोचता केला, काही बाकी ठेवली नाही, हेही तोच लिहितो. म्हणजे वर हिशेब विचारणारा होता. अंखतिफीला विचारणारा कुणी नव्हता. माझा आक्षेप तेवढाच आहे.

नदीकाठ:
विचारणारा होता, हे खरं. तरी नांगर धरायला राजा आला नव्हता, माणसं त्या जिल्ह्याचीच होती. पुढे त्याच बेनी हसनच्या दुसरा ख्नुमहोतेप या स्थानिक अधिकाऱ्याचा मुलगा दरबारी गेला, वजीर झाला आणि त्याचं थडगं दाहशूरला, राजाच्या पिरॅमिडजवळ बांधलं गेलं. बेनी हसनच्या कड्यात तशी मोठी थडगी मग कुणी कोरली नाहीत. जिल्ह्याची माणसं अशी दरबारात गेली, मला त्याचंच वाईट वाटतं.