पहिली गिटार तीन हजारांची घ्यावी का? माझं मत: घेऊ नये

वारजेकर

भाचीने दहावीच्या सुट्टीत गिटार शिकायचं ठरवलं. घरून तीन हजार मिळाले. ऑनलाइन मागवलेल्या खोक्यात गिटार, कव्हर, पट्टा, तारांचा जादा संच, पिकं (तार छेडायचे छोटे तुकडे) असं सगळं होतं. जुलैत गेलो तेव्हा गिटार कपाटामागे उभी. विचारलं तर म्हणाली, "मामा, माझी बोटंच या कामाची नाहीत."

मी गिटार हातात घेतली. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड तार फ्रेटपासून जवळजवळ ४ मिलिमीटर वर होती. २ ते २.५ असायला हवी. अठरा वर्षं वाजवतोय, पण त्या गिटारवर मलाही एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून एकत्र वाजवायचे स्वर) स्वच्छ लागली नाही. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लावली, तर बाराव्या फ्रेटवर तीच तार चढी बोलायची. म्हणजे पोरीने बोटं सोलवटून कॉर्ड धरली तरी ती बेसूरच वाजणार होती, आणि ऐकून तिला वाटणार की आपल्यालाच जमत नाही. सोळाव्या वर्षी "मला संगीत जमत नाही" हा शिक्का एकदा बसला की तो पुसायला फार वर्षं लागतात. मला राग येतो तो याचा.

स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास असतो. हा ताण मानेवर चोवीस तास. चांगल्या गिटारच्या मानेत लोखंडी सळई, ट्रस रॉड, असते आणि ती फिरवून मानेचा बाक सुधारता येतो. अगदी स्वस्त गिटारीत एकतर ती नसते, नाहीतर असून फिरत नाही. मग मान वाकते, तारा वर जातात आणि शिकणारा बोटांना दोष देतो.

माझा हिशोब असा. आठ हजार जमेपर्यंत थांबा. पाच-साडेपाच हजारांत कोणाचीतरी पडून असलेली बरी गिटार शोधा. यामाहाची एफ२८० किंवा एफ३१० या वर्गातल्या गिटारी हौसेने घेऊन वर्षभरात विकायला काढणारे पुण्यात पुष्कळ आहेत. (या गिटारींचाही वरचा तक्ता प्लायचाच असतो, पण माप नीट असतं.) पाचशेच्या नव्या, बारीक गेजच्या (जाडीच्या) तारा. सात-आठशे रुपये कारागिराला, नट आणि सॅडल (मानेच्या वरच्या टोकाला आणि पोटावर तारा ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या) घासून तारा खाली आणायला. उरलेल्यात एक महिना कोणाकडे तरी जाऊन बसा.

मतं वेगळी असतील तर जरूर मांडा.

चंद्रभागा

पूर्ण असहमत. आणि थोडा दुखावलोही आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ हजार जमेपर्यंत थांबा, हे पुण्यात बसून लिहिणं सोपं आहे. मी पंढरपूरचा. डी.एड.ला असताना २,२०० रुपयांची गिटार घेतली, तीही सुट्टीत एका मंडपवाल्याकडे काम करून. तुमचा सल्ला तेव्हा ऐकला असता तर मी अजून पैसे साठवत बसलो असतो. त्या गिटारवर तीन वर्षं वाजवलं. आज शाळेत पोरांकडून समूहगीतं बसवून घेतो ती त्याच तीन वर्षांच्या जोरावर.

हो, तारा वर होत्या. बोटांना घट्टे पडले. पण उपाय असतो. सगळ्या तारा दोन अर्धस्वर खाली लावल्या, म्हणजे ई ऐवजी डी. ताण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. स्वर पुन्हा मूळ जागी येतात आणि तारा बोटांजवळ येतात. कॅपो दीडशे रुपयांना मिळाला होता. हे मला कोणी सांगितलं नाही, चाचपडत सापडलं.

आणि सेकंडहँडचं म्हणाल तर आमच्या गावात विकायला कोण काढतंय? गिटार आधी कोणी विकत घेतलेली असावी लागते ना. लांबून कुरियरने जुनी गिटार मागवायची तर हातात घेऊन बघता येत नाही, आणि मान वाकडी निघाली तर परत कोण घेणार?

आमच्या भजनी मंडळाची पेटी कधी ट्यून झालेली मी पाहिली नाही. तिच्यावर शिकलेली माणसं आज तालुक्यात गाजताहेत.

सहावी तार

मी ठाण्यात अकरा वर्षं क्लास घेते. दोघांनाही थोडं थांबवते.

वारजेकर, गिटार खराब होती हे मान्य. पण भाचीला बोट कुठे ठेवायचं ते कोणी दाखवलं होतं का? माझ्याकडे व्हिडिओ बघून आलेली दहापैकी आठ मुलं दोन फ्रेटच्या मधोमध तार दाबतात. फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून, पट्टीच्या अलीकडे दाबली की निम्म्या जोरात स्वर मोकळा होतो. अंगठा मानेच्या वरून बाहेर काढलेला असतो, मनगट मोडलेलं असतं, गिटार मांडीवर तिरकी पाडलेली असते, कारण स्वतःची बोटं स्वतःला बघायची असतात. हे सांगायला मला दहा मिनिटं लागतात. कोणी न सांगता कळायला काहींना दोन वर्षं लागली आहेत आणि तोवर सवय हाडात मुरलेली.

म्हणून आठ हजारांत माझी वाटणी उलटी असेल. गिटार तीन-साडेतीनची, तारा आणि घासकाम हजाराचं, बाकी सगळं शिक्षकावर. दोन महिने पुरतील. पुढचं मोफतही शिकता येतं. ऑनलाइन गिटार शिकवणारे जस्टिन सँडरको यांचा नवशिक्यांचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षं फुकट उपलब्ध आहे आणि क्रमाने बांधलेला आहे. इंग्रजी जेमतेम येणारी माझी मुलंसुद्धा तो हाताकडे बघून पुरा करतात.

चंद्रभागा सर, पेटीचं उदाहरण मात्र पटलं नाही. पेटी बेसूर असली तरी पट्टी दाबायला जोर लागत नाही. गिटार बेसूरही असते आणि दुखवतेही.

वारजेकर

ताई, बोटाच्या जागेचं शंभर टक्के मान्य. मी तिला ते दाखवलं. पण मी स्वतः बरोबर दाबूनही तिथे स्वर गुदमरत होता, म्हणून माझा मुद्दा उभा राहतो.

चंद्रभागा, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण तुम्ही तीन वर्षं टिकलात याचं श्रेय त्या गिटारला देऊ नका, ते तुमचं आहे. तुमच्यासारखा चिवटपणा नसलेलं पोर पहिल्याच महिन्यात सोडतं आणि असं पोर इथे लिहायला येत नाही. मी बोलतोय ते त्याच्यासाठी.

चंद्रभागा

आणि मी बोलतोय ते ज्याच्या हातात गिटार कधी आलीच नाही त्याच्यासाठी. तेही इथे लिहायला येत नाही.

कुडाळचा पाऊस

दोघेही एक गोष्ट विसरताय, हवा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं. माझ्या साडेचार हजारांच्या गिटारचा ब्रिज (पोटावर चिकटवलेली, सॅडल धरणारी लाकडी पट्टी) दुसऱ्या पावसाळ्यात मागून उचलला, त्यात पोस्टकार्ड सरकत होतं. मित्राची बारा हजारांची होती, तिचं पोट फुगलं आणि तारा वर गेल्या. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि कोकणातल्या पावसात ती कुठली मिळायला! आता मी गिटार बंद कव्हरमध्ये ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, आणि घराबाहेर आठवडाभर जाणार असेन तर तारा थोड्या सैल करतो. भिंतीवर खिळ्याला टांगणं बंद केलं, कारण आमच्या भिंतीच ओल्या असतात.

नागपुरी

आमच्याकडे उलटं. मे महिन्यात कूलर बंद असलेल्या खोलीत लाकूड आकसतं आणि फ्रेटच्या पट्ट्यांची टोकं मानेच्या कडेने बाहेर येतात, हात सरकवला की ओरखडा. बारीक कानशीने कड मोडून घ्यायची, झालं. गिटार गाडीच्या डिकीत मात्र कधीही ठेवू नका, उन्हात गोंद सुटतो.

मडगावकर

गोव्यातून लिहितो. आमच्या पिढीने गावच्या चर्चच्या शाळेत आधी सोल्फेजो (स्वरांची नावं घेत गायचा सराव) म्हटला, मग वाद्याला हात लावला. माझ्या काकाची गिटार कसली होती हे कोणाला आठवत नाही, पण लग्नात मांडो (गोव्याचं पारंपरिक कोंकणी गाणं) सुरू झाला की तो व्हायोलिनच्या मागे कुठेही न चुकता कॉर्ड धरायचा, कारण कान तयार होता. आज मुलं तीन महिन्यांत चार गाणी वाजवतात आणि पाचव्याला अडतात. मला वाटतं पैशांवर एवढी चर्चा होतेय, पण पहिल्या सहा महिन्यांत रोज दहा मिनिटं स्वर तोंडाने म्हणून मग वाजवायला काहीच खर्च नाही. त्यावर कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिलं.

पेटीवाली

मडगावकरांना दुजोरा. माझी पेटीची बैठक होती म्हणून गिटार सोपी गेली. ज्यांच्या घरी भजन, भावगीत आहे त्यांनी गाणाऱ्याच्या पट्टीचा विचार आधी करावा. गाणारा काळी एकला गात असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी पट्टीतल्या कॉर्डचे आकार (बोटांच्या जागा) वाजवा. मी काळी पाचला गाते, म्हणून तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार. एफ कॉर्डने इतकी रडारड होते, पण पहिलं वर्षभर तिच्यावाचून माझं काही अडलं नाही.

एक सावधगिरी. बोटं दुखतात म्हणून कोणी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घेतली तर चांगलंच, पण पुढे "आवाज कमी येतो" म्हणून तिच्यावर स्टीलच्या तारा चढवू नका. तो ब्रिज तेवढ्या ताणासाठी नसतो. आमच्या शेजारच्या मुलाचा रात्री उखडला, घरातले दचकून उठले.

मिरजकर

अवांतर वाटेल, पण कारागिराचा विषय निघालाय म्हणून. गिटार दुरुस्त करणारा आमच्याकडे मला सापडला नाही. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिराकडे गिटार घेऊन गेलो. त्यांनी आधी सांगितलं की हे आमचं वाद्य नव्हे. मग तार हाताने छेडली, सॅडलकडे बघितलं आणि म्हणाले, प्लास्टिक आहे, हाड बसवू या. सतारीची जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून झंकार आणणारा हात तो! घोडीवर तार कुठे टेकते आणि कुठे सुटते हे त्यांना कानाने कळतं. फरक इतकाच की सतारीत ती झंकार हवी असते आणि गिटारीत नको असते, हे मी समजावलं तर हसले, म्हणाले, मग उलटं घासायचं. चार तासांत माझी तीन हजारांची गिटार वेगळीच झाली. पैसे विचारले तर चहा पाजा म्हणाले. मी बळेच पाचशे ठेवले.

त्यामुळे वारजेकरांना माझं सांगणं, स्वस्त गिटार सरसकट टाकाऊ ठरवू नका. मान सरळ असेल तर ती सुधारते. मान बघायची सोपी रीत म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जिथे मान पोटाला जोडलेली असते तिथे जाड तार दाबा आणि सातव्या फ्रेटजवळ तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी असेल तर मान ठीक. त्यापेक्षा बरीच जास्त आणि ट्रस रॉडही नाही, तर घेऊ नका, मग ती फुकट असो.

वारजेकर

मिरजकर, हे वाचून मी माझं वाक्य बदलतो. तीन हजारांची गिटार न बघता घेऊ नका. बघून, मान तपासून, घासकामाचे पैसे बाजूला ठेवून घेतली तर माझी हरकत नाही. पण ऑनलाइन खोक्यात यातलं काहीच होत नाही, आणि विकणारा ते सांगतही नाही, हा राग कायम आहे.

चंद्रभागा

आता जवळ आलो. तरी "थांबा" हा शब्द मला मान्य नाही. पुण्याच्या मुलांना एक सांगतो, तुमच्या कॉलेजच्या आर्ट सर्कलच्या खोलीत फिरोदिया करंडक स्पर्धा संपली की गिटार धूळ खात पडते. मागून घ्या. आमच्या कॉलेजात अशी खोलीच नव्हती.

अनघाची आई

सगळं वाचलं, निम्मं कळलं. मुलगी बारा वर्षांची, महिन्यापूर्वी ३८ इंची गिटार घेऊन दिली, ३,४०० रुपयांची. रोज वीस मिनिटं बसते पण बोटं लाल होतात. तुमचं वाचून पट्टीने मोजलं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली ३.५ मिलिमीटर. मिरजकरांनी सांगितलेली फट अगदी बारीक आहे. परत करायची मुदत गेली. काय करू?

मिरजकर

फट बारीक म्हणजे मान सरळ आहे, काळजी नको. सॅडल खाली आणावं लागेल.

वारजेकर

ताई, परत करू नका. ३.५ वरून २.५ ला यायचंय, म्हणजे १ मिलिमीटर. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे १ उतरवायला सॅडल दुप्पट, २ मिलिमीटर घासावं लागतं. सॅडल ब्रिजच्या वर किती दिसतंय ते आधी मोजा. कारागीर ते उपसून खालच्या बाजूने सपाट घासेल, वरची गोलाई तशीच राहू द्यायची. तिथेच ०.०१० इंच गेजच्या बारीक तारा चढवून घ्या.

सहावी तार

आणि वीस मिनिटं सलग नको, सात-सात मिनिटं तीनदा. लाल झालं की त्या दिवशी थांबायचं.

अनघाची आई

सॅडल वर फक्त ३ मिलिमीटर आहे.

चंद्रभागा

मग एकदम २ घासू नका, तारेचा सॅडलवर दाब उरणार नाही आणि आवाज मरेल. आत्ता १ च घासून घ्या. बाकीचं मी वर लिहिलंय तसं. तारा दोन अर्धस्वर खाली, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. आज संध्याकाळीच करून बघा आणि मुलीला कसं वाटतंय ते इथे सांगा, मी वाट बघतो.