मोठे त्वरक बांधणं थांबवून प्लाझ्माकडे वळावं का?

अर्धवर्तुळ (धागाकर्ता):
कणभौतिकीचं पुढचं मोठं यंत्र, म्हणजे कणांना ऊर्जा देऊन पळवणारा त्वरक, पुन्हा वीस-तीस किलोमीटरचा बोगदाच असावा, हे मला पटत नाही. स्टॅनफर्डचा रेषीय त्वरक ३.२ किलोमीटर लांब. त्यात इलेक्ट्रॉन ५० जीईव्हीपर्यंत (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) पोचत. २०१९ मध्ये बर्कलीच्या 'बेला' केंद्रात लेसरच्या जोरावर इलेक्ट्रॉन अवघ्या २० सेंटिमीटर प्लाझ्मात (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत) ७.८ जीईव्हीपर्यंत गेले.

धातूच्या पोकळीत विद्युतक्षेत्र फार वाढवलं की ठिणग्या पडतात. प्लाझ्मातले अणू आधीच फुटलेले असतात, तिथे ही अडचण नाही. लेसरचा स्पंद (क्षणभराचा झोत) इलेक्ट्रॉन बाजूला ढकलतो, जड आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) जागीच राहतात, आणि होडीमागे लाट उठावी तशी विद्युतक्षेत्राची लाट उठते, नेहमीच्या त्वरकापेक्षा हजारपट तीव्र. ताजिमा आणि डॉसन यांनी हे १९७९ मध्येच मांडलं. तेवढा ताकदवान लेसर स्ट्रिकलंड आणि मुरू यांच्या १९८५ च्या तंत्रामुळे शक्य झाला. आता बोगद्यांचा पैसा इकडे वळवायला हवा.

मेधा_पुणे:
पूर्ण असहमत. २० सेंटिमीटर ही नुसत्या नळीची लांबी. तिच्यामागचा लेसर मोठी खोली व्यापतो आणि सेकंदाला साधारण एकच स्पंद देतो. जपानसाठी आखलेल्या आंतरराष्ट्रीय रेषीय कोलायडरच्या (कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राच्या) आराखड्यात सेकंदाला कणांचे साडेसहा हजार गुच्छ आहेत, प्रत्येकात दोन हजार कोटी कण! हव्या त्या टकरी दुर्मीळ असतात, म्हणून नुसती ऊर्जा पुरत नाही. या लेसरना दिलेल्या विजेचा एक टक्काही प्रकाशात उतरत नाही. शिवाय पॉझिट्रॉनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित प्रतिकणाचं, काय? लेसरमागे प्लाझ्मात उरणारा जो बुडबुडा इलेक्ट्रॉनांना एकवटून धरतो, तोच पॉझिट्रॉनांना बाहेर फेकतो. इलेक्ट्रॉन आदळवायचे ते पॉझिट्रॉनांवर; त्यांच्याशिवाय हा कोलायडर कसला?

सावंतवाडीकर:
तुम्ही दोघं कोलायडरवरच अडलात. शांघायच्या गटाने २०२१ मध्ये अशाच इलेक्ट्रॉनांपासून २७ नॅनोमीटर तरंगलांबीचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश काढणारा) चालवून दाखवला. हॅम्बुर्गच्या डेसी संस्थेत या पद्धतीने इलेक्ट्रॉनांच्या सलग एक लाख शलाका (झोत) काढल्या गेल्या. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या वर्तुळाकार यंत्राचा परिघ १७२.५ मीटर, ऊर्जा २.५ जीईव्ही. असं यंत्र प्रत्येक विद्यापीठाला परवडणार नाही. प्लाझ्मावरचा छोटा क्ष-किरण स्रोत उद्या परवडू शकेल. इंदूर आणि कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत उच्चशक्ती लेसरवर काम चालू आहेच. भारताने जोर तिथे द्यावा.

मेधा_पुणे:
क्ष-किरणांपुरतं मान्य. पण इंडस-२ वर नमुना लावणाऱ्याला तासन्‌तास स्थिर शलाका मिळते. प्लाझ्मातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अजून दर स्पंदाला थोडी बदलते. ते थांबेपर्यंत विद्यापीठांना आशा दाखवू नये.

अर्धवर्तुळ:
मेधाताई, पॉझिट्रॉनचा मुद्दा सर्वांत जड आहे, टाळत नाही. पण लेसरची कार्यक्षमता वाढेल ती त्यावर खर्च केला तरच. जास्त ऊर्जेसाठी २०१६ मध्ये बर्कलीतच दोन प्लाझ्मा-टप्पे एकामागून एक जोडले गेले. दुसऱ्या टप्प्यात फार थोडे इलेक्ट्रॉन पकडले गेले, तरी जोडणी होते हे दिसलं. डझनभर टप्प्यांची साखळी तयार करायला वीस वर्षं लागणार असतील, तर ती आजच मोजायला सुरुवात करू.

मेधा_पुणे:
जरूर करा, माझा विरोध त्याला नाही. विरोध आहे तो बोगद्याचा पैसा काढून घेण्याला. आज पीएचडी करणाऱ्या मुलांना हिग्ज हा कण बारकाईने मोजायचा आहे. तुमची साखळी तयार होईपर्यंत त्यांनी कोणत्या यंत्रावर काम करायचं, याचं उत्तर या धाग्यात अजून आलेलं नाही.