व्हिडिओवर झालेलं सुपरव्हिजन निम्मंच का धरायचं?

कारेलीबागवाली:
बडोद्यात आठ वर्षं समुपदेशन करते. शेवटची पाच वर्षं जवळजवळ सगळं ऑनलाइन. नुकताच एका पुढच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला (संस्थेचं नाव घेत नाही), तर त्यांनी माझे ९६ तासांचे सुपरव्हिजन ४८ धरले. कारण काय, तर ते व्हिडिओवर झालं. माझ्या सुपरव्हायजर बाई पुण्याच्या. महिन्यातून दोन गुरुवार, संध्याकाळी सात ते आठ, चार वर्षं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुपरव्हिजन म्हणजे साहेबाने घेतलेली झडती नव्हे. आपण क्लायंटबरोबर काय केलं, कुठे चुकलो, कुठे आपलंच काही मध्ये आलं, हे अनुभवी माणसापुढे उघडं करायचं. एकदा क्लायंटच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग बाईंनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, "ती आईबद्दल बोलायला लागली की तू दर वेळी पाणी पितेस. का गं?" मला स्वतःला ते कधी कळलं नव्हतं. समोरासमोर बसून सांगोवांगी केस मांडली असती तर तो पाण्याचा ग्लास कुणाला दिसला असता? हा तास निम्मा कसा?

जुना रावपुरा:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आता निवृत्त. ग्लासचा किस्सा छान आहे, पण तो रेकॉर्डिंगचा गुण झाला, व्हिडिओ कॉलचा नाही. रेकॉर्डिंग एका खोलीत बसूनही पाहता येतं.

माझी हरकत वेगळी आहे. लॉकडाऊनमध्ये मीही ऑनलाइन करून पाहिलं. एक मुलगी बोलता बोलता गप्प झाली, मग स्क्रीन काळी. माझ्याकडे तिचा फक्त ईमेल. गाव कुठलं, घरी कोण, काही माहीत नाही. चाळीस मिनिटांनी तिचा मेसेज आला की लाइट गेले होते. ती चाळीस मिनिटं मी विसरलेलो नाही. दवाखान्यात असतो तर उठून दार तरी उघडलं असतं.

पोळीभाजी:
कायद्याचं थोडं बोलू या, कारण तास किती धरायचे हा शेवटी मान्यतेचाच प्रश्न. कुणाची मान्यता? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण याची व्याख्या आहे. तीत मनोविकारतज्ज्ञ आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आणि परिचारिका आहेत. नुसता 'समुपदेशक' त्या व्याख्येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी क्लिनिकलवाल्यांना. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आला, त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक दिसतात. मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. म्हणजे समोरासमोरच्या समुपदेशकाचाच पत्ता अजून नीट लागलेला नाही, आणि आपण भांडतोय ऑनलाइनवरून. आधी घर, मग खिडकी!

खिडकीतली:
मी क्लायंट. दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले. इथल्या मराठी लोकांत कुणाच्या जिन्याखाली माझी चप्पल दिसली तर रात्रीच्या जेवणाआधी ते आत्याला कळतं. गुजराती मला छान येतं, पण रडू मराठीतच येतं, त्याला काय करणार. मराठी बोलणारी आणि आमच्या नात्यागोत्यात नसलेली बाई मला फक्त स्क्रीनवर मिळाली. गच्चीवर पापडांच्या खाटेशेजारी बसून बोलायचे. खालून कुकरच्या शिट्ट्या. त्यातली एकसुद्धा भेट निम्मी नव्हती.

बेधडक:
भावना पोचल्या. पण मान्यता द्या म्हटलं की कोण कोण रांगेत उभं राहतं ते बघा. दोन शनिवार-रविवारचा कोर्स, एक रंगीत सर्टिफिकेट, आणि सोमवारी प्रोफाइलवर 'थेरपिस्ट'. दुकानाला पाटी लागत नाही, जागेचं भाडं लागत नाही. ऑनलाइनला पूर्ण मान्यता म्हणजे या लोकांना परवाना.

कारेलीबागवाली:
@बेधडक, म्हणूनच सुपरव्हिजन मोजा म्हणतेय! त्या रविवारवाल्याला विचारा, तुझ्या चुका कोण बघतं? ब्रिटनमध्येही 'कौन्सेलर' हा शब्द कायद्याने कुणासाठी राखीव नाही. तरी तिथली सर्वांत मोठी संघटना, बीएसीपी, तिने तपासून मान्यता दिलेल्या, काम करणाऱ्या सभासदाला महिन्याला निदान दीड तास सुपरव्हिजन घ्यायला लावते. मी महिन्याला दोन तास घेते. सरकारसुद्धा ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ ला, फोनवर लोकांशी बोलतंय की.

जुना रावपुरा:
टेली-मानसचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. तिथे फोन उचलणाऱ्या समुपदेशकाच्या पाठीमागे तज्ज्ञांची दुसरी फळी आहे. तुमच्या पाठीमागे कोण?

कारेलीबागवाली:
गुरुवारवाल्या बाई. आणि अडचण आली तर गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे. त्या काळ्या स्क्रीनबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. मी पहिल्याच भेटीत पूर्ण पत्ता, घरच्या एका माणसाचा नंबर आणि जवळचं इस्पितळ लिहून घेते. नंतर प्रत्येक कॉलला पहिला प्रश्न, "आज कुठून बोलतेस?" हे मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. सुपरव्हिजनमध्येच, आणि व्हिडिओवरच, शिकले.

पोळीभाजी:
मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड. त्याने 'छोटा हान्स' या मुलाची केस बहुतेक मुलाच्या वडिलांकरवीच चालवली, मुलाला स्वतः जेमतेम भेटला. १९०९ साली छापलीसुद्धा. त्याचे तास किती धरायचे? 😄

जुना रावपुरा:
ते वडील फ्रॉइडचेच चेले होते आणि त्या केसवर आजही लोक तुटून पडतात. दुसरं उदाहरण शोधा.

बेधडक:
कारेलीबागवाली बाईंचं इस्पितळ लिहून घेणं पटलं. पण हे किती जण करतात?

कारेलीबागवाली:
मला माहीत असलेल्यांत, जे सुपरव्हिजन घेतात ते करतात. बरं, ताजी बातमी. संस्थेला पत्र लिहून विचारलं की निम्म्याचा आधार काय. उत्तर आलं: "आमच्याकडे पूर्वीपासून असंच आहे."

जुना रावपुरा:
हे उत्तर मलाही चाललं नसतं. पुढचं पत्र लिहाल तेव्हा खाली माझीही सही घ्या. पण त्यात एक ओळ माझी घाला: तास पूर्ण धरा, पैकी निदान दहा समोरासमोर बसून.

कारेलीबागवाली:
पाच. पुण्याचं जाऊन-येऊन भाडं तुम्ही देणार असाल तर दहा.