दहा टक्के व्याज नेमके कशावर?

जांभ्याच्या जुन्या घराचे वासे बदलून कौले पुन्हा शाकारण्यासाठी ५ लाखांचे कर्ज ५ वर्षांकरिता ‘फ्लॅट १० टक्क्यांनी’ मिळते आहे आणि ते गृहकर्जासारखेच स्वस्त आहे, असे आपण लिहिले आहे; ते मला पटत नाही. फ्लॅट दरात व्याज अखेरपर्यंत मूळ ५ लाखांवरच आकारले जाते, म्हणजे व्याज २,५०,००० रुपये आणि हप्ता १२,५००. गृहकर्जासारख्या घटत्या शिलकीवर, म्हणजे हप्त्यागणिक कमी होत जाणाऱ्या बाकी मुद्दलावर, त्याच १० टक्क्यांनी हप्ता सुमारे १०,६२४ आणि एकूण व्याज सुमारे १,३७,४०० रुपये होते. आपल्या कर्जाचा खरा दर त्यामुळे सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास जातो, आणि प्रक्रिया शुल्क, त्यावरील जीएसटी व विमा यांची रक्कम आधीच कापून घेतली तर तो आणखी वाढतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट स्टेटमेंट) देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्कांसह वार्षिक टक्केवारी दर छापलेला असतो; सही करण्यापूर्वी तोच आकडा पाहावा, ही कळकळीची विनंती.

आपल्याकडे घर बहुधा सामाईक असते, सर्व हिस्सेदारांच्या संमतीशिवाय ते गृहकर्जासाठी तारण ठेवता येत नाही, आणि पावसाळा तोंडावर आला की माणूस हाती येईल ते वैयक्तिक कर्ज घेतो. तरीही मुंबईतल्या भावंडांच्या सह्यांसाठी गणपतीत बोलणी करून काम दिवाळीनंतर काढणे, छप्पर तेवढा काळ तग धरणार असेल तर, मला अधिक योग्य वाटते.