सिझेरियन, अँटिबायोटिक आणि बाळाच्या आतड्यातले जिवाणू

दुपटं_लंगोट: बाळ पाच महिन्यांचं, जन्म सिझेरियनने. अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपलाय. फक्त अंगावर पितं. चांगले जिवाणू आणि प्रतिकारशक्ती भरून यावी म्हणून प्रोबायोटिकचे थेंब सुरू करावेत का?

सूक्ष्मदर्शक: थेंबांचं नंतर बघू, आधी दूध. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशाखालोखाल ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरा असतात आणि गंमत म्हणजे त्या बाळाला पचतच नाहीत! त्या बिफिडोबॅक्टेरियमचं खाद्य. ते खाऊन हे जिवाणू लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल सोडतात, आतड्यातला पीएच उतरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि उपद्रवी जिवाणूंना बस्तान बसवता येत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीला आंबूस वास येतो तो यामुळेच.

सिझेरियनच्या बाळांत सुरुवातीला बॅक्टेरॉइड्स नावाचे आतड्यातले जिवाणू कमी असतात, पण वर्षभरात तो फरक बराच बुजतो. 'प्रतिकारशक्ती वाढवणे' हा शब्दप्रयोगच मला खटकतो. प्रतिकारशक्तीला शत्रू कोण आणि शेजारी कोण हे शिकावं लागतं, आणि ते ती जिवाणूंच्या संगतीत शिकते. जिवाणूंशिवाय वाढवलेल्या उंदरांत आतड्याच्या भिंतीतल्या लसिका ग्रंथींचे पुंजके खुरटे राहतात, आयजीए हे आतड्याचं रक्षण करणारं प्रतिपिंड कमी बनतं.

स्ट्रेन_विचारा: थेंब घ्यायचेच तर लेबलवर तीन भागांचं नाव शोधा: वंश, प्रजाती, स्ट्रेन (म्हणजे प्रजातीतला नेमका वाण). 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हाम्नोसस जीजी' यातलं 'जीजी' नसेल तर बाटलीत नेमकं काय आहे ते कळत नाही. जुलाब टाळण्यासाठी उपयोग होतो तो कोर्स चालू असताना, अँटिबायोटिकपासून दोनेक तासांच्या अंतराने. पावडर कढत पाण्यात कालवली की जिवाणू मेले. कोर्स संपल्यावर मी तरी देणार नाही. 2018 मधल्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्या प्रौढांचे मूळचे जिवाणू उलट उशिरा परतले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर डॉक्टरांशिवाय अजिबात नको. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) 2023 मध्ये तसा इशारा दिला आहे, कारण हेच जिवाणू रक्तात शिरू शकतात.

दुपटं_लंगोट: मग थेंब राहू देते. वरचं अन्न लवकर सुरू केलं तर?

सूक्ष्मदर्शक: सहा महिने पूर्ण होऊ द्या. मग डाळी, भाज्या, फळं आलटूनपालटून द्या. त्यातले तंतू आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं, ते नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी, घडायला मदत करतं. मध मात्र वर्षाच्या आत बोटावरही नको. त्यातले बोट्युलिझमचे (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे) बीजाणू मोठ्यांच्या आतड्यात रुजत नाहीत, बाळाच्या विरळ वस्तीत रुजतात.

स्ट्रेन_विचारा: शीमध्ये रक्त दिसलं, सहा तास लंगोट कोरडा राहिला किंवा बाळ मलूल पडलं, तर इथे विचारत बसू नका, लगेच दाखवा.