मदत हवी आहे: क्लबात सगळ्या थरातले मेंबर कसे आणायचे?

नमस्कार मंडळी, मी मुलुंडच्या एका सेवा क्लबात सहा वर्षं आहे, रक्तदान, वह्यावाटप सगळं मनापासून करतो आम्ही, पण परवा मेंबरांची यादी बघितली आणि पोटात गलबललं, वस्तीतली माणसं फक्त फोटोत वह्या घेताना, मेंबर एकही नाही. नवा मेंबर जुन्याच्या ओळखीनेच येतो ना, मग तेच ते येत राहतात. गेल्या महिन्यात मणिपूरची एक नर्स पाहुणी म्हणून आली, तिला दोघांनी "नेपाळची का?" विचारलं, ती परत आलीच नाही. मी शेजारीच होतो आणि गप्प बसलो, ते अजून खातंय.

रोटरीत बायकांना मेंबर करायचा नियम जगभर व्हायला १९८९ उजाडलं, तेही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८७ च्या निकालानंतर, म्हणजे नुसत्या चांगल्या मनाने भागत नाही, नियमच बदलावे लागतात.

ओळखीची अट काढायची, फी हप्त्याने घ्यायची, मीटिंग इंग्रजीऐवजी मराठी-हिंदीत, असं मांडणार आहे. कुणी केलंय का हे? "आपल्यात कुठे जातपात" म्हणणाऱ्या ज्येष्ठांना काय सांगितलंत? रविवारी मीटिंग आहे, त्याआधी सांगा प्लीज.